ओठांचे वर्ण

१८ जून २०२३, पारोळा

पुण्याच्या मासिकाने लेख साभार परत केला. ‘कल्पना वेगळी आहे, पण आमच्या वाचकांच्या पचनी पडणार नाही.’ वाचकांच्या पचनाची एवढी काळजी असेल तर संपादकांनी मासिक बंद करून ओवा विकावा. बत्तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवलं, पारोळ्याच्या बाजारात अजून लोक ‘योगराज सर’ म्हणून वाट सोडतात, आणि हा कालचा पोरगा मला नाकारतो.

त्याने वाचलंच नसणार. सुबोली ही गंमत नाही. पायापासून बांधलेली नवी भाषा आहे. आधी वर्ण, मग शब्द, मग बाकीचं. ट, ठ, ड, ढ, ण मी काढून टाकले, कारण भांडणातले निम्मे शब्द त्यांच्यावर उभे असतात. घशातले खरखरीत आवाज काढले. सात वर्षं खपून मऊ तेवढे वर्ण ठेवले. अडचण एकच. बोलणार कोण? मोठ्या माणसांच्या जिभा आधीच बिघडलेल्या असतात. जन्मभाषा म्हणून ही कुणाच्या तरी तोंडी बसायला हवी.

ते माणूस माझ्या घरातच आहे हे आज जेवताना लक्षात आलं. ललित सुरतेला कापडाच्या मिलमध्ये असतो; सूनबाई पुनम आणि तिची मुलगी दिपमाला आमच्याकडे. दिपू वीस महिन्यांची झाली आणि अजून एक शब्द बोललेली नाही. उद्यापासून तिच्याशी मी फक्त सुबोलीत बोलणार.

पुष्पाला सांगितलं. इतकी वर्षं माझ्याशी संसार करून या बाईने प्रमाण मराठी काही मनावर घेतलं नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, “पोर बोलत नई म्हनीसन मना जीव टांगाई जायेल शे, आनि तुमले खेय सुची ऱ्हायना!”

६ जुलै

पहिले निष्कर्ष. मी दिपूच्या समोर बसतो आणि एकेक शब्द सावकाश म्हणतो. ‘पापू’, ‘बोमा’, ‘मोपे’ म्हटलं की ती टक लावून बघते, हसते आणि तिचेही ओठ हलतात. ‘केगा’, ‘नीसा’, ‘लेके’ म्हटलं की चेहरा कोरा. क, ग, न, ल, स तिला नको आहेत! पोरीने सरळ नापसंत केले.

मला जे धाडस सात वर्षांत झालं नाही ते तिने पंधरवड्यात केलं. मी तिचं ऐकलं आणि ओठांचे वर्ण सोडून बाकी सगळे काढून टाकले. मूल आधी ओठच मिटतं आणि उघडतं, हे तर जगजाहीर आहे. निसर्गाने दिलेली वर्णमाला हीच. बाकीची आपण वर रचलेली अडगळ.

आणखी एक. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघितल्याशिवाय ती ऐकतच नाही. माझ्या वर्गात इतकं लक्ष एकाही मुलाने दिलं नव्हतं.

२३ जुलै

पुनमने आज डोकं उठवलं. ती धुळ्याची, बी.कॉम. झालेली, फारशी बोलत नाही, पण आज चहा ठेवायला आली आणि उभीच राहिली.

“नाना, तिला ऐकू येत नाही असं मला वाटतं.”

“कशावरून?”

“कुकरची शिट्टी झाली तरी दचकत नाही. मागून हाक मारली तर वळत नाही. धुळ्याला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन जाते.”

मी म्हटलं, ऐकू येत नाही तर मी ‘बोमा’ म्हटल्यावर दुधाच्या वाटीकडे बोट कसं दाखवते? मग म्हटलं, आत्ताच निकाल लावू. दिपू लोखंडी खाटेवर पाय सोडून बसली होती. मी मागे गेलो आणि स्टीलची थाळी खाटेच्या दांडीवर आपटली, सगळी खाट झणझणली. दिपू ताडकन वळली!

पुष्पाचा जीव भांड्यात पडला. म्हणाली, “तिना कान चांगला शेतस. ललित बी तीन वरीसना व्हयना तवय बोलना. आपला घरमा बठ्ठा पोरे उशिराच बोलतस.” संध्याकाळी तिने वेखंड उगाळून मधातून पोरीला चाटवलं. पुनम तोंड पाडून भांडी लावत होती. आईला आपल्या मुलीबद्दल चांगली बातमी कळली तरी समाधान नाही, याचं मला आश्चर्य वाटलं.

२८ ऑगस्ट

आज कानबाईचं विसर्जन. गल्लीतल्या दोन मिरवणुका चौकात समोरासमोर आल्या आणि दोन्हीकडच्या ढोलांनी खिडक्यांची तावदानं थरथरायला लागली. आमच्या गल्लीतली सगळी पोरं रडत होती. दिपू पुष्पाच्या खांद्यावर गाढ झोपलेली! नुसता गोंगाट आणि अर्थाचा आवाज यांतला फरक तिला कळतो. अर्थ नसेल तर ती कानात घेतच नाही. हे मला लेखात घ्यायला हवं.

पुनमने माझ्याकडे बघितलं. मी नजर दिली नाही.

११ जानेवारी २०२४

थंडीने यंदा कहर केला आहे. मला खोकला, त्यामुळे नाकातोंडावर मफलर. चार दिवस झाले, दिपू माझ्याशी अबोला धरून आहे. मी ‘पापू’ म्हणतो, ती मफलरकडे बघते, मग खेळायला लागते. काहीतरी बिनसलं आहे. मुली लहानपणापासूनच रुसायला शिकतात. आज दुपारी मफलर धुवायला टाकला आणि जेवताना सहज ‘मोपे’ म्हटलं तर लगेच अंगणातल्या जास्वंदीकडे पळाली. राग गेला एकदाचा.

१९ फेब्रुवारी

मोठा शोध. गेला महिना मी ‘पापू’, ‘बाबू’, ‘मामू’ असे तिन्ही शब्द वेगवेगळे म्हणून बघतो आहे. दिपू तिन्हींना ‘पापू’चा चेंडूच आणून देते. कधी चुकूनही वेगळं नाही. म्हणजे प, ब, म हे तीन वर्ण नाहीतच. एकच आहे. आपण त्याचे तीन तुकडे केले आणि मुलांच्या माथी मारले.

म्हणून आजपासून ओठांचा एकच वर्ण, प. त्याच्याबरोबर आ, ए, ओ, ऊ. एवढ्यात सगळी भाषा. ‘बोमा’चं झालं ‘पोपा’, म्हणजे दूध. ‘मोपे’चं झालं ‘पोपे’, म्हणजे फूल. ‘पापे’ म्हणजे ये. ‘पूपा’ म्हणजे चंद्र. जगात इतकी स्वच्छ भाषा दुसरी नसेल.

ललितचा फोन आला. पुनमने त्याचे कान भरलेले दिसतात. त्याला सगळं समजावलं, प-ब-मचा शोधही सांगितला. तो म्हणाला, “नाना, तुमचा अभ्यास आहे. तुम्ही म्हणताय तर थांबू.” मुलगा शहाणा आहे.

४ मार्च

घरात कुणी नव्हतं. दिपू जमिनीवर बसून डब्याची झाकणं रचत होती. मी दारात, तिच्या पाठीमागे उभा राहिलो आणि टाळी वाजवली. मग आणखी जोरात. मग नाव घेऊन ओरडलो.

खेळण्यात गुंग होती.

पुन्हा करून बघितलं नाही. मुलांच्या मागे उभं राहून ओरडणं चांगलं नव्हे.

७ ऑगस्ट

आज माझं डोकं फिरलं. सकाळी साडेनऊला वना रिक्षावाला घरी आला आणि म्हणाला, “सर, तुमनी सून पोरले लिसन स्टँडवर उभी शे. धुळानी गाडीनी वाट देखी ऱ्हायनी.” मला न सांगता! मी तशीच रिक्षा वळवली. स्टँडवर पुनम पिशवी आणि पोर घेऊन बाकड्यावर बसली होती. आजूबाजूला निम्मं ओळखीचं गाव.

मी हळू आवाजात म्हटलं, “घरी चल.”

“नाना, फक्त तपासून आणते. काही नसलं तर बरंच आहे ना.”

“आणि लोक काय म्हणतील? योगराज सरांची नात बहिरी. हा शब्द एकदा चिकटला की निघत नाही. उद्या तिचं लग्न ठरवताना तूच रडशील.”

“आज रडतेय ते दिसत नाही का तुम्हाला?”

शेजारच्या बायका वळून बघायला लागल्या. मी दिपूला तिच्या मांडीवरून उचललं. दिपूने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी ‘पापे’ म्हटलं आणि ती हसून माझ्या गळ्यात पडली. मग पुनमला मागोमाग यावंच लागलं. रिक्षात ती एक शब्द बोलली नाही.

माझं चुकलं असं मला वाटत नाही. पण तिने निदान भांडायला हवं होतं. ते शांत बसणं मला आवडलं नाही.

२९ डिसेंबर, जळगाव

हे लिहिलं नाही तर झोप येणार नाही.

माझा जुना विद्यार्थी दिलवरसिंग जळगावात भाषाप्रेमींचं मंडळ चालवतो. त्याने आजच्या मेळाव्यात माझं प्रात्यक्षिक ठेवलं होतं. ‘सुबोली : पहिल्या जन्मभाषकासह.’ हॉल भरला होता. पुनम दिपूला घेऊन पहिल्या रांगेत बसली. माझ्या आग्रहाखातर पुष्पाने दिपूला लाल फ्रॉक घातला होता.

मी वर्णांचा प्रवास सांगितला. लोक रंगले. मग दिपूला मंचावर आणून खुर्चीत बसवलं आणि माईक हातात घेऊन म्हटलं, ‘पोपे’. तिने टेबलावरच्या तीन वस्तूंतून फूल उचलायचं होतं. ती माझ्या तोंडापुढच्या त्या काळ्या माईककडे बघत राहिली. पुन्हा म्हटलं. पुन्हा. आवाज हॉलभर घुमत होता. कुणीतरी खोकलं. मी माईक खाली ठेवला, वाकलो, नुसत्या तोंडाने ‘पोपे’ म्हटलं, आणि तिने लगेच फूल उचललं. टाळ्या पडल्या. मला हायसं वाटलं.

तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई उठल्या. कुठल्याशा शाळेत शिकवतात म्हणे.

“सर, एक विनंती आहे. हेच एकदा तिच्या पाठीमागे उभं राहून म्हणाल का?”

“त्याने काय सिद्ध होणार?”

“काही नाही. मला बघायचं आहे.”

दिलवरसिंग हसत म्हणाला, “म्हणा ना सर, एका मिनिटाचं तर काम.” मी खुर्चीमागे गेलो. ‘पोपे.’ दिपू पाय हलवत बसली होती. ‘पापे.’ ती फ्रॉकची नाडी ओढत होती. मी ओरडलो. पहिल्या रांगेतलं एक बाळ दचकून रडायला लागलं. दिपू नाडी ओढत होती.

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पुनम मंचावर आली, तिने मुलीला उचललं आणि सगळ्यांसमोर दारातून निघून गेली. दिलवरसिंगने पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. त्या बाईंना मी जन्मभर क्षमा करणार नाही.

८ जानेवारी २०२५, धुळे

पुनमने मला विचारलं नाही. ललित सुरतेहून आला आणि तिघं निघाले. मी स्वतःहून गाडीत जाऊन बसलो. कुणी चढू नका म्हणालं नाही.

दिपूला झोपेचं औषध देऊन डोक्याला तारा लावल्या. पडद्यावर रेषा आल्या, सरळ. डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. म्हणाला, दोन्ही कानांनी काही ऐकू येत नाही, बहुतेक जन्मापासूनच.

मी म्हटलं, “पण ती मला उत्तर देते. मी म्हटलं तर फूल आणते.”

“तुम्ही समोर असता तेव्हा आजोबा. ती तुमचे ओठ बघते.”

“मग बाकीचे वर्ण तिने का नाकारले?”

त्याला प्रश्नच कळला नाही. मी समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, “क, ग तोंडाच्या आत होतात, ते तिला दिसत नाहीत. आणि प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात.” एवढंच. माझं दीड वर्षांचं काम त्याने पाणी पिता पिता संपवलं.

मग त्याने पुनमला विचारलं, “पहिला संशय कधी आला होता?”

“ती वीस-एकवीस महिन्यांची होती तेव्हा.”

“आता सव्वातीन वर्षांची आहे. तेव्हाच का नाही आणलं? कानात यंत्र बसवता येईल, पण ते वय बोलायला शिकण्याचं असतं. तेव्हा आणलं असतं तर फार फरक पडला असता.”

मी वाट बघत होतो. तिने माझ्याकडे बोट दाखवावं म्हणून मी मान ताठ करून तयार बसलो होतो. पुनम म्हणाली, “घरच्यांचं एकमत होत नव्हतं.” माझ्याकडे तिने बघितलंही नाही.

घरी आल्यावर पुष्पाला सांगितलं. ती चुलीपुढे तशीच बसून राहिली. मग म्हणाली, “मी बी तुमनंच ऐकं. तिनी मायले काय वाटत व्हई?”

२० एप्रिल, पारोळा

ऑपरेशनचं जुलैत ठरलं आहे. तोवर पुनम दर बुधवारी दिपूला जळगावला, अशा मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एका मॅडमकडे नेते. मी बरोबर येऊ का विचारलं, तर म्हणाली, “नको नाना, मॅडम म्हणतात तिच्याशी सगळ्यांनी एकच भाषा बोला, घरात जी बोलतात ती. तुम्ही तिच्याशी बोललात की ती गोंधळते.”

वरून मॅडमनी विचारलं म्हणे, हिला ओठ इतके छान वाचता येतात, मग हिला खरे शब्द का येत नाहीत? ‘आई’सुद्धा येत नाही. साडेतीन वर्षांची मुलगी आईला काहीच म्हणत नाही. मी वर्णमालेतून कितीतरी वर्ण काढले, तेव्हा ‘आई’ राहील की जाईल असा विचारही मनात आला नव्हता.

दिपू अजून माझ्याकडे येते, समोर उभी राहते आणि वाट बघते. मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरतो. ही शिक्षा मला दिली आहे की तिला, कळत नाही. राग येतो. कुणाचा, ते ठरत नाही.

९ जुलै, जळगाव

आज ऑपरेशन झालं. ठीक झालं, असं म्हणतात. यंत्र महिन्याने सुरू करणार.

सकाळचं लिहायचं आहे.

दिपूला हिरवा झगा घातला तेव्हापासून ती बिथरली होती. सुई टोचली, हात पट्टीने बांधला. तोंडाला मास्क लावलेली माणसं येत-जात होती. ती प्रत्येकाच्या मास्ककडे बघायची आणि आणखी जोरात रडायची. पुनमने हातवारे केले, पोटाशी धरलं, खाऊ दाखवला. ललितला काही सुचेना, तो बाहेर जाऊन उभा राहिला. नर्स म्हणाली, पाच मिनिटांत आत न्यायचं.

तेव्हा पुनम माझ्याकडे आली. त्या स्टँडवरच्या सकाळपासून आज पहिल्यांदा ती स्वतःहून माझ्यापुढे येऊन उभी राहिली. डोळे सुजलेले.

“नाना, तिला तुमची भाषा येते. दुसरी कुठलीच येत नाही. तिला सांगा ना. थोडं दुखेल, पण झोप लागेल, घाबरू नको. मी दाराबाहेरच उभी आहे. एवढंच सांगा.”

मी पलंगाजवळ गेलो. दिपूने मला बघितलं आणि रडणं थांबवून ती माझ्या ओठांकडे बघायला लागली. किती विश्वासाने बघत होती. मी तोंड उघडलं.

दुखेल, याला शब्द नाही. घाबरू नको, याला नाही. आई, दार, बाहेर, थांब, येते, यातलं काहीच नाही. मी सगळं गोड गोड निवडलं होतं. दूध, फूल, चंद्र, ये. वाईट काही सुबोलीत सांगताच येऊ नये, हाच तर माझा अभिमान होता. मी तसाच उघड्या तोंडाने उभा राहिलो. मागून पुनम म्हणाली, “सांगा ना नाना.”

नर्सने पलंगाची चाकं सोडली.

मी म्हटलं, ‘पोपे.’ फूल. आणि आतल्या दाराकडे बोट दाखवलं.

दिपूचा चेहरा उजळला. तिने दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बांधलेला हात हलवून हसली. पलंग आत गेला तेव्हा ती मान उंच करून फूल शोधत होती. पुनमने माझा हात धरला आणि म्हणाली, “नाना, सांगितलंत ना? हसली बघा. समजलं तिला.” वर्षभर माझ्याशी धड न बोललेली सून माझे उपकार मानत होती. मी हो म्हणालो.

संध्याकाळी दिपूला बाहेर आणलं. डोक्याला मोठं बँडेज, ओठ सुकलेले. पुष्पा, ललित, पुनम, सगळे वाकून उभे होते. तिने डोळे उघडले आणि आम्हा सगळ्यांतून मला शोधलं. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघितलं. मला काहीतरी म्हणायचं होतं. काय म्हणायचं होतं ते मला आता लिहितानाही सांगता येत नाही.

मग तिने मान पलीकडे वळवली. बँडेजची बाजू खाली आली आणि ती कळवळली, पण तोंड पुन्हा माझ्याकडे केलं नाही.